फक्त ब्रॉथमध्ये

बाबांच्या दफनाच्या आदल्या दिवशी डॉक्टर प्रुइटनी फोन करून मला चांगली बातमी दिली. शब्द त्यांचेच. "रॅग्ना, एक चांगली बातमी आहे. तो कॅन्सर नव्हता."

मी तेव्हा बाबांचा तपकिरी कोट ब्रश करत होते. त्यांच्याकडे तेवढा एकच बरा कोट होता.

"मग काय होतं?" मी विचारलं.

"जुनाट संसर्ग. फुप्फुसाचा जो भाग आम्ही काढला, त्यात पॅथॉलॉजीवाल्यांना जंतूंचे धाग्याधाग्यांचे पुंजके दिसले. फार क्वचित होतं असं. दिसायला हुबेहूब कॅन्सरची गाठ. आता बघा, ऑपरेशनच्या आधी आम्ही सुई घालून तुकडा काढला होता, लॅबला पाठवला होता. लॅबने कळवलं की काहीच वाढलं नाही. आमच्या हातात दुसरं काय होतं? पण निदान एवढं समाधान की तुमच्या घरात कॅन्सर नाही."

मी त्यांचे आभार मानले. आमच्या गावात फोनवर कुणी आवाज चढवत नाही. एखादी गोष्ट अगदीच पटली नाही तर आम्ही "हे जरा वेगळंच आहे" म्हणतो आणि तेवढ्यावर थांबतो. मी तेही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि कोटाची कॉलर पुन्हा एकदा ब्रश केली, जोरात, शिवण उसवेपर्यंत.

बाबा हॉस्पिटलात चालत गेले होते. स्वतःची बॅग स्वतः उचलून. हिवाळाभर खोकत होते, वजन उतरलं होतं, उजव्या बरगडीजवळ टणक फुगवटा आला होता. ऑपरेशन उत्तम झालं असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याच आठवड्यात पायातली गुठळी वर सरकून बाबा न्याहारीच्या ताटासमोर बसल्या बसल्या गेले. आर्विड ट्वेट, आयुष्यभर दुधाचा ट्रक चालवलेला माणूस. दंतवैद्याला इतके भ्यायचे की एक किडकी दाढ त्यांनी गॅरेजमध्ये स्वतःच पकडीने उपटली होती आणि आईला सांगितलं होतं की आपोआप पडली.

धाग्याधाग्यांचे पुंजके. ते जंतू मला ठाऊक आहेत. मी कॉलेजात लॅबचं काम शिकवते, आणि त्याआधी याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. ऍक्टिनोमायसिस. किडक्या दातांच्या कडेने गुपचूप राहतात, कधीतरी श्वासाबरोबर खाली उतरतात, आणि मग महिनोन्महिने सावकाश गाठ बांधतात. हवेत वाढायला राजी नसतात. साध्या पेनिसिलिनने बरे होतात. बरेच महिने घ्यावं लागतं, पण साधंच, जुनं, स्वस्त पेनिसिलिन.

ऑपरेशनच्या आधी मी विचारलं होतं, "कल्चर काय म्हणतंय? काही जंतू वाढले?" नर्सने संगणकात बघून सांगितलं होतं, "काही वाढलं नाही." मी मान डोलावली होती. त्या लॅबवर माझा विश्वास होता.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. नेहमीचंच. लोणी लावलेले हॅमचे बन, वर बटाट्याचे तळलेले गोळे रचून भट्टीत भाजलेला मांसाचा हॉटडिश, लिंबाच्या गोड वड्या, आणि कॉफीची ती मोठी चांदीच्या रंगाची टाकी. मार्लिस ब्रेके कॉफी ओतत होती. मार्लिस त्या लॅबच्या जंतुविभागाची प्रमुख. माझ्या आईची जिवलग मैत्रीण, माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मला हातात धरून उभी राहिलेली. सूक्ष्मदर्शकातून बघताना दोन्ही डोळे उघडे ठेवायचे हेही मला तिनेच शिकवलं.

कोरीन माझ्यासमोर येऊन बसली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता मार्लिसच्या हाताखाली काम करते. तिला काय बोलावं सुचत नव्हतं. माणसं अशा वेळी गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी गोड आठवण शोधतात. तिची बाबांशी ओळख नव्हती. तिच्याजवळ एकच आठवण होती.

"तुमच्या बाबांचा तुकडा माझ्याच टेबलावर होता, रॅग्ना," ती म्हणाली. "मला नाव वाचून लगेच कळलं. त्यांची नळी इतकी सुंदर होती. तळाशी पावाच्या चुऱ्यासारखे पांढरे गोळे आणि वरचं सगळं स्वच्छ. तुम्ही वर्गात चित्र काढायचात ना, अगदी तस्संच."

माझ्या हातातला बन तसाच राहिला. "आणि प्लेटवर?"

"प्लेटा कोऱ्या. फक्त ब्रॉथमध्ये." तिने खांदे उडवले. "फक्त ब्रॉथमध्ये असलं की आपण कळवत नाही ना."

हे ती हवामानाबद्दल बोलावं तसं बोलली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने हातातला काटा खाली ठेवला.

"कोरीन, तू हे कुणाला दाखवलंस?"

"मार्लिसला. म्हणजे... विचारलं होतं मी. ती म्हणाली, नियम आहे तो आहे."

त्याच वेळी मार्लिस कॉफीची किटली घेऊन आमच्या टेबलापाशी आली. "रॅगी, कॉफी?"

"नको."

त्या तळघरात कॉफीला नको म्हणणारी मी बहुधा पहिलीच. आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. मार्लिस क्षणभर किटली तशीच धरून उभी राहिली, मग पुढच्या टेबलाकडे गेली.

नियम असा. शरीरातून काढलेला तुकडा लॅबमध्ये आला की तो जंतू वाढवायच्या, हवेत ठेवलेल्या प्लेटांवर पसरतात आणि त्यातला थोडा एका नळीत सोडतात. नळीत थायोचा ब्रॉथ असतो, म्हणजे जंतूंना पोसणारा द्रव, फिक्या गवताच्या रंगाचा, किंचित दाट. आम्ही त्याला नुसतं थायो म्हणतो. त्याच्या वरच्या बोटभर थरात हवा शिरते आणि तो थर गुलाबी दिसतो. त्याखाली हवा पोचत नाही. हवेने मरणारे जंतू तिथे, त्या खालच्या अंधारात, जगतात. ब्रॉथ इतका पौष्टिक असतो की कातडीवरचा एखादा भटका जंतू जरी सुईबरोबर आत आला तरी रातोरात नळी गढूळ होते. ते कळवलं की डॉक्टर नको ती औषधं सुरू करतात, आणि नंतर लॅबला शिव्या घालतात. म्हणून मी नोकरी सोडल्यानंतर मार्लिसने नियम केला. प्लेट कोरी आणि वाढ फक्त ब्रॉथमध्ये, तर ती बाहेरून आलेली घाण समजायची. अहवालात लिहायचं, काही वाढलं नाही.

दहांतल्या नऊ वेळा हा नियम बरोबर असतो. हे मला मान्य आहे. माझे बाबा दहावे होते.

सोमवारी सकाळी मी लॅबमध्ये गेले. मार्लिस तिच्या खोलीतून बाहेर आली, मला मिठी मारायला हात पुढे केले, आणि मी दाराजवळच्या खुंटीवरचा पांढरा कोट काढून घालायला लागले तशी थांबली.

"बस आधी. काही खाल्लंयस का?"

"बाबांची नळी दाखव मला."

"कसली नळी?"

"मार्लिस."

तिने चष्मा काढून पुसला. "रॅगी, तू आता इथे कामाला नाहीस. तुला इथे असं येता येत नाही. तुला माहितीये."

"मग सुरक्षारक्षकाला बोलव. डेलच असेल ना? त्याला सांग, बापाला पुरून आलेल्या बाईला दंडाला धरून बाहेर काढ. मी वाट बघते."

"तू दुःखात आहेस."

"आहे. आणि रागातही आहे. दोन्ही एकदम जमतं मला."

कोरीन टेबलाशी पाठमोरी बसली होती. तिचा हात थांबला होता, पण ती वळली नाही.

"ती नळी कधीच ऑटोक्लेव्हमध्ये उकळून फेकली गेली असेल," मार्लिस म्हणाली. "अहवाल गेला की आपण ठेवत नाही."

"नाही गेली," कोरीन म्हणाली, अजूनही पाठ करून. "मागच्या रॅकमध्ये आहे. टाकवली नाही मला."

मार्लिसने तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर रडली असती. कोरीन उठली, इन्क्युबेटरचं दार उघडलं, आणि नळी दोन बोटांत धरून, जराही न हलवता, माझ्यासमोरच्या स्टँडमध्ये ठेवली.

वर गुलाबी पट्टा. त्याखाली स्वच्छ, पिवळसर द्रव. आणि तळाशी ते गोळे, पांढरे, मऊ, प्रत्येक वेगळा. नळीवर चिकटवलेल्या पट्टीवर छापलं होतं: ट्वेट, आर्विड. त्याखाली जन्मतारीख. बाबा शवपेटीत होते त्यापेक्षा मला इथे जास्त जिवंत वाटले, आणि या विचाराचाही मला राग आला.

"बाहेरून आलेली घाण अशी दिसते?" मी विचारलं. "कातडीवरचा जंतू असा तळाशी गोळे करून बसतो? सगळी नळी ढगाळ करतो तो. हे तूच मला शिकवलंस."

"रॅगी, दिवसाला किती नळ्या येतात बघ जरा."

"मी बाकीच्या नळ्यांबद्दल विचारत नाहीये. ही तू बघितलीस?"

"बघितली."

"नाव वाचलंस?"

"वाचलं."

"आणि?"

"आणि सगळ्यांना लावते तोच नियम लावला. आर्विड आहे म्हणून वेगळं वागायचं? नाव बघून बदलला तर तो नियम कसला?"

"नाव बघून बदल असं कोण म्हणतंय? नळी बघून बदलायचा होतास!"

माझा आवाज चढला होता. पलीकडे रक्तविभागातल्या दोघांनी माना वर केल्या आणि लगेच खाली घातल्या. या इमारतीत इतकी वर्षं काम करून मी एकदाही ओरडले नव्हते. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"तुला वाटतं मला झोप लागते?" मार्लिस हळू आवाजात म्हणाली. "शुक्रवारी पॅथॉलॉजीचा अहवाल मीही वाचला."

"शुक्रवारी. म्हणजे तळघरात कॉफी ओतत होतीस तेव्हा तुला माहीत होतं."

ती टेबलावरचे कागद सरळ करायला लागली.

"मला विचारत होतीस, रॅगी, कॉफी? हे माहीत असताना."

"मग काय करायला हवं होतं मी? दफनाच्या दिवशी तुला बाजूला घेऊन सांगायचं?"

"हो!"

ती खुर्चीत बसली. एकदम म्हातारी दिसली. मला तिची दया येऊ घातली होती, ती मी येऊ दिली नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात या बाईने दर गुरुवारी आमच्याकडे जेवण आणलं होतं. ते मला आठवत होतं आणि त्याने काहीही फरक पडत नव्हता.

"तुला काय हवंय?" तिने विचारलं. "वकील करणारेस?"

"वकील नकोय. मला एक वाक्य बदलून हवंय. काही वाढलं नाही, हे खोटं आहे. वाढलं होतं. तुम्ही दोघींनी बघितलंत. डॉक्टर प्रुइट तेच वाक्य घेऊन फिरतोय. मला फोनवर म्हणाला, आमच्या हातात दुसरं काय होतं. त्या वाक्यामागे तो आयुष्यभर लपेल. बाबांच्या नावापुढे हॉस्पिटलने लिहिलेली शेवटची गोष्ट खोटी आहे आणि ती मी तशी राहू देणार नाही."

"माणूस गेल्यावर अहवाल कोण दुरुस्त करतं, रॅगी?"

"तू. आज."

तिने नळी स्वतःकडे वळवून घेतली आणि म्हणाली, "कोरीन, एक गोळा काढून रंग दे."

कोरीनने लांब पिपेट सरळ तळापर्यंत उतरवून एक गोळा ओढून घेतला. दोन काचपट्ट्यांमध्ये तो चिरडला, हलकेच, अंड्याचं कवच फोडावं तसा. ज्योतीवरून फिरवला. जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, तांबडा रंग. मी हात मागे बांधून उभी होते.

आमच्या लॅबमध्ये दोघांनी एकाच वेळी बघायचा सूक्ष्मदर्शक आहे, शिकवण्यासाठी घेतलेला. त्याच्या एका बाजूला मार्लिस बसली, दुसऱ्या बाजूला मी. पूर्वीही आम्ही अशाच बसायचो, गुडघ्याला गुडघा लावून. आज मी खुर्ची मागे सरकवून घेतली.

जांभळे धागे. एकमेकांत गुंतलेले, फांद्या फुटलेले, मण्यांच्या माळेसारखे मधेमधे तुटलेले. चित्रातल्यासारखे स्पष्ट. बघताना मला बाबांची दाढ आठवली, आणि ती पकड, आणि आईला सांगितलेली ती थाप.

"नाव पक्कं व्हायला अजून वेळ लागेल," मार्लिस सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता म्हणाली. "हवाबंद डब्यात पुन्हा वाढवावं लागेल."

"मला माहितीये. पण आत्ता जे दिसतंय ते आत्ता लिहायला वेळ लागत नाही."

ती उठून संगणकाशी गेली. मी तिच्या मागे उभी राहिले. तिने जुना अहवाल उघडला, 'दुरुस्त' असा शेरा मारला, आणि दोन बोटांनी सावकाश टाइप केलं की ब्रॉथमध्ये फांद्या असलेले ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू वाढले आहेत, ऍक्टिनोमायसिस असण्याची शक्यता आहे, आणि आधीचा 'वाढ नाही' हा अहवाल चुकीचा होता.

"चुकीचा होता," मी मोठ्याने वाचलं. "ठीक आहे."

"आता फोन करावा लागेल," ती म्हणाली. दुरुस्त केलेला अहवाल संगणकात टाकून भागत नाही. डॉक्टरांना तोंडी सांगावा लागतो, आणि ऐकणाऱ्याने तो शब्दशः परत म्हणून दाखवावा लागतो, त्याशिवाय संगणक अहवाल पुढे सोडत नाही. "तू बाहेर थांब."

"नाही."

"रॅगी, हे बरोबर नाही."

"हे जरा वेगळंच आहे, नाही का?" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग नंबर लावला आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला. मी सांगितलं नव्हतं. ते तिने आपणहून केलं. का, ते मी विचारलं नाही.

डॉक्टर प्रुइट घाईत होते. "काय आहे, मार्लिस? माझ्यासमोर पेशंट आहे."

"दुरुस्त अहवाल आहे, डॉक्टर. ट्वेट, आर्विड. उजव्या फुप्फुसातला सुईने काढलेला तुकडा."

"तो माणूस गेला."

"हो."

"मग आता कशाला?"

"अहवाल चुकीचा होता म्हणून." मार्लिसने लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, एका सुरात, एकही शब्द न गाळता. मग म्हणाली, "परत म्हणून दाखवा, डॉक्टर."

"ऐकलं मी."

"परत म्हणावं लागतं. तुम्हाला माहितीये."

त्यांनी एक उसासा टाकला आणि भरभर म्हटलं, "ट्वेट. ब्रॉथमध्ये जंतू, ऍक्टिनोमायसिस असावेत. झालं?"

"पूर्ण नाव. आणि आधीचा अहवाल."

"आर्विड ट्वेट," डॉक्टर म्हणाले. आता आवाज बदलला होता. "फुप्फुसाचा तुकडा. ब्रॉथमध्ये फांद्या असलेले ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू. ऍक्टिनोमायसिस असण्याची शक्यता. आधीचा 'वाढ नाही' अहवाल चुकीचा होता." ते थांबले. "हे ऑपरेशनच्या आधी दिसलं होतं?"

मार्लिस माझ्याकडे बघत होती. "ऑपरेशनच्या आधी दिसलं होतं," ती म्हणाली. "माझ्या नियमामुळे कळवलं नाही. आणि डॉक्टर, हे जंतू सहसा पेनिसिलिनने बरे होतात."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला.

"तेही परत म्हणून दाखवू का?" डॉक्टर तिरसटपणे म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "म्हणा."

"कोण आहे तिथे?"

"रॅग्ना ट्वेट. म्हणा, डॉक्टर. मी ऐकतेय."

त्यांनी घसा खाकरला. मार्लिसने डोळे मिटले होते. कोरीन नळी पुन्हा रॅकमध्ये ठेवत होती, सरळ, न हलवता.

"हे जंतू सहसा पेनिसिलिनने बरे होतात," डॉक्टर प्रुइट म्हणाले.

मार्लिसने वेळ नोंदवली आणि फोन बंद केला. मी पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला. ती मागून दोनदा "रॅगी" म्हणाली. मी जिन्याने खाली उतरले. राग अजून संपला नव्हता, आणि मला त्याची काही घाई नव्हती.